वर्लाच्या जीपचे दोन इंच

लेबर डेला, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीला, माझं गॅरेज बंद असतं. दारावर तशी पाटीही आहे. पण ज्या बाईने ती पाटी रंगवली तीच सकाळी आठला दार बडवायला लागली, तर पाटीचा उपयोग काय?

"ऑरिन, उघड. आहेस तू आत. कॉफीचा वास येतोय मला."

वर्ला माझी बायको होती. एकोणीस वर्षं होती, मग नव्हती, त्यालाही आता आठ वर्षं झाली. मोठं भांडण असं काही झालं नाही. मी बोलायचो नाही, आणि माझं न बोलणं ती रोज ऐकायची. एक दिवस कंटाळली. घर तिच्याकडे गेलं, गॅरेज माझ्याकडे राहिलं, आणि तिच्या जीपची देखभाल कोणी करायची हे वकिलाने कागदात लिहिलं नाही म्हणून तीही माझ्याकडेच राहिली.

ती आमच्या पिनियन वेल्सच्या टपाल कचेरीची गावाबाहेरची फेरी करते. शहरातल्या टपालवाल्यांना खातं गाडी देतं. रानातल्या फेरीला माणसाने आपली गाडी आणायची आणि मैलाप्रमाणे भत्ता घ्यायचा. वीस वर्षांपूर्वी तिने कुठूनशी उजवीकडे स्टिअरिंग असलेली जीप शोधून आणली. आमच्या सगळ्या गावाचं स्टिअरिंग डावीकडे, हिचं एकटीचं उजवीकडे, कारण पेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला असतात. खांबावर पत्र्याची पेटी. खिडकीतून हात काढायचा, झाकण उघडायचं, टपाल आत, झाकण बंद, पुढे चला. दिवसाला एकशे सोळा मैल आणि चारशे बारा पेट्या.

"टाकी घासतेय," ती आत येत म्हणाली आणि माझाच कप उचलून प्यायली. "माळाच्या रस्त्यावर. आतापर्यंत सहा वेळा."

ऑगस्टात ढगफुटी झाली होती. वरच्या माळाकडे जाणाऱ्या रस्त्याला एक कोरडा ओढा आडवा येतो. वर्षातून चार दिवस वाहतो, पण या वेळी वाहिला तो पलीकडचा काठ घेऊनच. आता तिथे वीतभर उंच खडकाची पायरी उघडी पडली होती. पुढची चाकं पायरी चढली की गाडीचं बूड खाली बसतं आणि मागची पेट्रोलची टाकी खडकावर घासते. टाकीखाली जाड पत्रा आहे, पण तोही घासून घासून आरशासारखा झाला होता. रस्त्यांचं खातं म्हणालं, पुढच्या उन्हाळ्यात बघू.

"प्रुइटने पत्र दिलंय," ती म्हणाली. ग्लेन प्रुइट म्हणजे आमचा टपालमास्तर. "चौदा ऑक्टोबरला तो स्वतः माझ्याबरोबर फेरीला येणार. गाडी न घासता पार झाली तर ठीक. नाही झाली तर माळावरच्या अकराही पेट्या खाली हायवेवर आणून लावणार."

हायवे माळापासून चौदा मैल. अकरांपैकी दहा जण कुरकुरतील, शिव्या देतील आणि चौदा मैल येऊन टपाल नेतील. अकरावा सेलेस्तीनो आर्चुलेता. वय चौऱ्याऐंशी, डोळ्यांनी अर्धं दिसतं, गाडीचा परवाना दोन वर्षांपूर्वी स्वतःहून परत करून आला. त्याचं इन्सुलिन बर्फाच्या डब्यातून टपालाने येतं आणि वर्ला ते दर वेळी त्याच्या हातात देते. त्याची मुलगी प्वेब्लो शहरात असते. तिने घरातली एक खोली रंगवून ठेवलीय आणि बाप कधी हो म्हणतो याची वाट बघतेय. पेटी खाली गेली की म्हाताऱ्याला प्वेब्लोला जाणं भागच होतं, आणि तिथे तो सहा महिनेही जगणार नाही हे माळावरची शेंबडी पोरंसुद्धा सांगतील.

"उंच करावी लागेल," मी म्हणालो.

"ते मलाही कळतंय. स्वस्तात कर. मला पाच महिने काढायचेत, गाडीला सोन्याने मढवू नकोस."

एकतीस जानेवारीला ती निवृत्त होणार होती. मग ओरेगॉन, समुद्राकाठी बहिणीकडे. उजव्या खांद्याचं एक ऑपरेशन झालं होतं, दुसरं तिकडे गेल्यावर करायचं ठरलं होतं. डॉक्टरने सांगितलं होतं की आणखी वर्षभर हेच काम केलं तर दुसऱ्या ऑपरेशनचा काही उपयोग राहणार नाही. तिचं घर विकायला काढलेलं होतं आणि पाटी अंगणात उभी होती. ती पाटी मी रोज येता-जाता बघायचो. मला ती आवडायची नाही, पण माझ्या आवडीनिवडीचा जमाना आठ वर्षांपूर्वी संपला होता.

त्या आठवड्यात ग्रँड जंक्शनचा दंतवैद्य फेनविक त्याची जीप तेल बदलायला घेऊन आला. त्याची साडेचार इंच उचललेली. टायर एवढे मोठे की चढायला पायरी बसवावी लागली. पाच वर्षांत त्या गाडीने पाहिलेला सगळ्यात खराब रस्ता म्हणजे माझ्या गॅरेजचं अंगण. वर्ला तिथेच होती. तिचं काय चाललंय ते कळल्यावर या उंटावरच्या शहाण्याला राहवेना.

"साडेचार! कमी नाही करायचं. दोन-अडीच इंच म्हणजे पैसे पाण्यात. एकदाच काय ते करून टाका."

"डॉक्टर," वर्ला म्हणाली, "जरा गाडीत बसता?"

मी मापाला म्हणून अंगणात एक टपालपेटी खांबावर ठोकून ठेवली होती, नियमाच्या उंचीवर, रस्त्यापासून बेचाळीस इंचांवर. तिने डॉक्टरला ती पेटी त्याच्या खिडकीशी येईल अशी गाडी लावायला सांगितली आणि हातात एक लिफाफा दिला. "टाका."

डॉक्टरने हात काढला. पुरेना. खांदा काढला. मग छातीपर्यंत बाहेर लोंबला तेव्हा कुठे झाकण सापडलं.

"जमलं की!" तो लालबुंद तोंडाने म्हणाला.

"छान. आता आणखी चारशे अकरा वेळा. दुपारी दोनच्या आत."

डॉक्टर हसला, पण पुन्हा सल्ला द्यायला काही आला नाही. तेल बदललं आणि गेला.

पण त्याने मला कामाला लावलं. जीप उंच करणं हा माझा धंदा आहे. लोक येतात, किती उंच दिसेल विचारतात, मी सांगतो. खिडकीतून हात कुठे पोचेल असं तीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. नवीन काही विकत घेण्याआधी मी रविवारी चारही चाकांखाली फळ्या घालायचं ठरवलं. एक इंचाची फळी, मग दोन, मग तीन. वर्ला आत बसणार, मी पेटीशी उभा. तिने टपाल टाकायचं, मी काढून परत तिच्या मांडीवर ठेवायचं. प्रत्येक उंचीला चाळीस वेळा.

शेजारची म्हातारी कुंपणापाशी येऊन म्हणाली, "तुम्ही दोघं परत एकत्र खेळायला लागलात का?"

"हा खेळ नाही, एडना," वर्ला ओरडली. "हा चाचणीचा तास आहे. तू पास झाली नाहीस म्हणून तुला बोलावलं नाही."

आधी तीन इंच. सतराव्या लिफाफ्याला तिचा खांदा वाजला. तो आवाज मला ठाऊक आहे, वाळकी काटकी मोडल्यासारखा. तिने अठरावा लिफाफा डाव्या हाताने उचलला. मी फळ्या काढल्या.

दोन इंचांना तिने चाळीसही केले. मध्ये मध्ये काहीतरी गुणगुणतही होती, म्हणजे दुखत होतं.

"दुखतंय?"

"नाही."

"वर्ला."

"थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"पाच महिन्यांपुरतं," ती म्हणाली. "पुढचं बोल."

एक इंचाला काहीच त्रास नव्हता. म्हणून मी एक इंचाच्या बाजूचा होतो. पण माळाच्या ओढ्यावर जाऊन मोजल्यावर ते बारगळलं. पत्र्यावरचे ओरखडे किती खोल आणि कुठून कुठवर गेलेत ते पाहिलं, पायरी मोजली, आणि टाकीला मातीचा गोळा चिकटवून गाडी वर घातली. गोळा किती चेपला त्यावरून एका इंचाहून जरा जास्तच कमी पडत होतं, म्हणजे धरून दोन. फक्त मागचं उचलून बघावं म्हटलं, तर उतारावर गाडी नाक वाळूत खुपसत होती. खांदा म्हणत होता दोनच्या वर नको, टाकी म्हणत होती दोनच्या खाली नको. एवढ्या चिंचोळ्या जागेत मी आजवर कुठलंही काम केलेलं नव्हतं.

मग स्वस्तातलं काय ते. पुढच्या स्प्रिंगांवर दोन-दोन इंचांचे ठोकळे. मागच्या कमानी, म्हणजे पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा, वीस वर्षांच्या, पार सपाट झालेल्या. त्या नव्या घेतल्या तर बजेट कोलमडलं असतं, म्हणून प्रत्येकीत एक-एक जादा पाटा. धक्के झेलणारे शॉक साधे, पण थोडे लांब. एवढ्याच उंचीने चाकं फिरवणारा प्रोपेलर शाफ्ट हायवेवर थरथरत नाही आणि टायरही जुनेच चालतात. दोनशे नव्वद डॉलर सामानाचे. मजुरीचं तिने विचारलं तेव्हा मी पान्हा शोधत होतो, ऐकू आलं नाही.

आता पाटा किती जाड घालायचा हा खरा प्रश्न होता. जीप सकाळी टपालाने भरलेली असते आणि दुपारपर्यंत हलकी होते, असं कोणीही म्हणेल. हलक्या गाडीचं बूड वरच असतं, मग ओढ्यावर काळजी कसली? पण माळावरच्या लोकांना दुकान साठ मैलांवर. ती माणसं सगळं टपालाने मागवतात, कुत्र्याचं खाणं, कोंबड्यांचं खाणं, मिठाच्या विटा, एकदा तर एकाने ऐरण मागवली होती. माळ फेरीच्या शेवटी येतो, त्यामुळे सगळ्यात जड ओझं शेवटपर्यंत गाडीत मागेच असतं. रिकाम्या गाडीवर माप घेणारा तिथेच फसला असता. मी फसणार नव्हतो. वर्लाकडून महिन्याभराची सरासरी काढली, तेवढ्या वजनाची वाळूची पोती मागे टाकली. तिचा थर्मास, तिचा डबा, जादा चाक, भरलेली टाकी, सगळं धरलं. तिलाही धरलं.

"माझं वजन काय लिहिलंस?" तिने विचारलं.

"एकशे साठ पौंड."

"हे एकोणीसशे नव्याण्णवचं आहे."

"मग किती लिहू?"

"लिहू नकोस. पाटा जाड घाल."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती माळावर गेली आणि आली. पत्र्यावर ओरखडा नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. टाकी आणि खडक यांच्यात दोन बोटं जागा राहत होती. खरं सांगतो, मला फार अभिमान वाटला. फेनविकच्या साडेचार इंचांपेक्षा मला माझी ती दोन बोटं जास्त प्रिय होती.

चौदा तारखेला गॅरेज बंद ठेवून मी माझा ट्रक घेऊन ओढ्यावर गेलो. ट्रकला पुढे ओढायची तार आहे. वेळ आलीच तर असावा म्हणून जुनिपरच्या झुडपांमागे उभा केला आणि आत बसून राहिलो. वर्लाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिने हाकलून दिलं असतं.

सव्वा वाजता जीप वळणावर दिसली. ती डावीकडे झुकली होती.

सगळं धरलं होतं मी. वाळू, थर्मास, डबा, चाक. प्रुइटला धरलं नव्हतं. प्रुइट भला माणूस आहे, तीनशे पौंडांचा भला माणूस. रोज त्या डाव्या सीटवर पत्रांचे ट्रे असतात. आज तिथे तो बसला होता आणि ट्रे मागे गेले होते. हायस्कूलच्या पोरानेही आधी हाच हिशेब केला असता. टपालमास्तर गाडीत बसून येणार आहे हे मला पाच आठवडे ठाऊक होतं, आणि मी वाळू मोजत बसलो होतो! मी कपाळावर हात मारून घेतला.

वर्लाने ओढ्याच्या अलीकडे गाडी थांबवली. खिडकीतून वाकून मागच्या चाकाकडे पाहिलं. तिला कळलं.

"ग्लेन, उतर."

"नियम असा आहे," प्रुइटचा आवाज आला, "की तपासणी करणाऱ्याने पूर्ण फेरी गाडीत बसून..."

"माझं काम टपाल न्यायचं आहे. तू टपाल आहेस का? कुठे तिकीट चिकटवलंय तुला?"

प्रुइटने सीटचा पट्टा सोडला. मग दार उघडलं आणि जीप हसल्यासारखी वर आली. तो उतरून बाजूला झाला, हातात त्याचा तपासणीचा कागद आणि पेन्सिल. वर्लाने पहिला गिअर टाकला. मी एव्हाना ट्रकमधून उतरून झुडपाखाली चक्क पालथा पडून बघत होतो. पुढची चाकं चढली, बूड बसलं. दोन बोटं. मागची चाकं चढली आणि ती गेली. पुढे घसरडा चढ आहे, तिथे थांबलं की गाडी मागे येते, म्हणून ती थांबली नाही. नुसता हात बाहेर काढून हलवला.

प्रुइट पायी ओढ्यात उतरला. पायरीशी येऊन अडला. दोनदा प्रयत्न केला, दोनदा वाळूत बसला. मग मला उठावंच लागलं.

"ऑरिन? तू इथे काय करतोयस?"

"शिकारीला आलो होतो."

"बंदूक?"

"घरी विसरलो."

त्याने माझ्या शर्टावरची माती पाहिली, ट्रकची तार पाहिली आणि हात पुढे केला. मी त्याला वर ओढलं. उरलेले दोन मैल तो माझ्या ट्रकमधून आला.

"मग काय लिहिणार?" मी विचारलं.

"पाहिलं ते. गाडी पार होते, टपाल पोचतं. ती रोज माणसं वाहत नाही."

"मग एवढं तोंड का पाडलंयस?"

त्याने रुमालाने मान पुसली. "तिच्या जागेची जाहिरात मे महिन्यापासून लावलीय. कचेरीच्या भिंतीवर, पेपरात, सगळीकडे. किती अर्ज आले असतील सांग."

"किती?"

"एक. गाडी आपली आणायची आणि माळ चढायचा, हे ऐकून तोही मागे घेतला. चारशे एक पेट्या मी शेजारच्या दोन फेऱ्यांत वाटून देईन. जमेल कसंतरी. पण हा माळ कोणाच्या गळ्यात मारू? एकतीस जानेवारीला ती जाणार. एक फेब्रुवारीला पेट्या खाली."

"तिला माहीत आहे?"

"नाही. आणि तू सांगायचं नाहीस. आज ती खूश होईल, तिला खूश होऊ दे. तीस वर्षं केलंय तिने. सुखाने जाऊ दे तिला."

मी काही बोललो नाही. ते मला चांगलं जमतं.

सेलेस्तीनो पेटीशी स्वयंपाकघरातली खुर्ची टाकून बसला होता. धुतलेला पांढरा शर्ट, हॅट मांडीवर. आज काय ठरणार आहे हे सगळ्या माळाला ठाऊक होतं. वर्लाने त्याच्या हातात बर्फाचा डबा दिला होता आणि तो डबा पोटाशी धरून तो बसला होता. प्रुइट ट्रकमधून उतरला तसा तो उठून उभा राहिला.

"सेन्योर, सरळ सांगा. माझी पेटी राहते की जाते?"

"राहते," प्रुइट म्हणाला. "रस्ता पास."

म्हाताऱ्याने हॅट डोक्यावर घातली, परत काढली, परत घातली. "बघितलंत, दोन्या वर्ला? मी मुलीला सांगितलं होतं, खोली भाड्याने दे म्हणून!" दोन्या म्हणजे बाईसाहेब, तो तिला तसंच म्हणतो. त्याने बायकोच्या जुन्या पद्धतीने हिरव्या मिरचीतलं डुकराचं मटण आणि तोर्तिया, म्हणजे पातळ पोळ्या, करून ठेवल्या होत्या. सगळ्यांनी खाल्ल्याशिवाय जायचं नाही म्हणाला आणि भिंतीला हात लावत लावत ताटल्या आणायला आत गेला.

वर्ला हसत होती. मोठ्याने, तोंड उघडून, लग्नात हसली होती तशी. "दोन बोटं, ऑरिन! मी आरशात बघितलं तुला, जमिनीवर पालथा पडला होतास गाढवासारखा!" मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हसायची थांबली.

"काय झालं?"

"काही नाही."

"एकोणीस वर्षं ऐकलंय मी हे 'काही नाही'. काय झालं?"

प्रुइटने माझ्याकडे बघून नको अशी मान हलवली. गप्प बसणं सोपं होतं. गप्प बसलो असतो तर ती जानेवारीत ओरेगॉनला गेली असती, खांदा नीट झाला असता, समुद्रकाठी बसून ती म्हाताऱ्याला ख्रिसमसची कार्डं पाठवत राहिली असती, आणि ती कार्डं प्वेब्लोच्या पत्त्यावर गेली असती. हे तिला कधी कळलं असतं तर तिने मला माफ केलं नसतं. हे मी स्वतःला सांगितलं. आणि त्याच्या खाली आणखी एक कारण होतं, ते मी स्वतःलाही सांगितलं नाही.

"पेट्या राहतात त्या तू आहेस तोवरच," मी म्हणालो. "तुझ्या जागी यायला कोणी तयार नाही. एक फेब्रुवारीला खाली जाणार."

प्रुइटने डोळे मिटले. "ऑरिन, हरामखोरा."

वर्लाने घराच्या दाराकडे पाहिलं. आतून ताटल्यांचा आवाज येत होता. म्हातारा स्पॅनिशमध्ये स्वतःशीच काहीतरी म्हणत होता आणि हसत होता.

"ग्लेन, माझा निवृत्तीचा कागद कुठाय?"

"माझ्या टेबलावर. वर्ला, ऐक, घरी जा, आठ दिवस विचार कर."

"फाड तो."

"तुझा खांदा..."

"माझा खांदा मला माहीत आहे. कोणीतरी येईपर्यंत मी आहे. फाड म्हणते ना!" आणि ती ताटल्या धरायला आत गेली.

परतताना प्रुइट माझ्या ट्रकमध्ये बसला, पण ओढा ओलांडून गाव येईपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मी त्याला दोष देत नाही. मला राग यायला हवा होता, निदान वाईट तरी वाटायला हवं होतं. मला आनंद झाला होता. अंगणातली ती विक्रीची पाटी आता निघणार एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. त्या खांद्याचा आवाज मी माझ्या कानांनी ऐकला होता, डॉक्टर काय म्हणाला ते मला पाठ होतं, तरी मला आनंद झाला. नंतर त्याची लाज वाटली. पण आधी आनंद झाला, हे खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला, कचेरी उघडण्याआधी, जीप अंगणात येऊन उभी राहिली. ती उतरली नाही. काच खाली केली.

"ऑरिन, दोनाचा एक इंच होईल का?"

"करायला होईल. अर्ध्या दिवसाचं काम."

"पण?"

"पण टाकी घासेल. एकदा घासली की प्रुइटला लिहावं लागेल."

तिने उजवा हात खिडकीबाहेर काढला, कोपरातून वाकवला, परत सरळ केला. खांदा वाजला. अंगणातल्या मापाच्या पेटीकडे तिने थोडा वेळ पाहिलं.

"मग राहू दे," ती म्हणाली.

जा, असं म्हणायचं होतं मला. कागद अजून फाडला नसेल, ओरेगॉनला जा, बहिणीकडे जा, हात नीट करून घे, म्हाताऱ्याचं त्याची मुलगी बघेल. एवढी पाच वाक्यं होती. ती गिअर टाकून थांबली होती, म्हणजे तिलाही मी काहीतरी बोलेन असं वाटलं असणार.

"संध्याकाळी शेकायला गरम पाण्याची पिशवी घेऊन येतो," मी म्हणालो.

"ये," ती म्हणाली, आणि फेरीवर गेली.